घरात 30 लाख, व्हिसाच्या हिशेबात 8

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीला 2025च्या सप्टेंबर सत्रासाठी इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला. 24 जुलैला ब्रिटनने तिचा विद्यार्थी व्हिसा नाकारला. नकाराचं पत्र घेऊन बापलेक माझ्याकडे आले तेव्हा वडिलांचं एकच म्हणणं होतं, "पैसं हायती की सगळं. खोटं एक कागद न्हाई त्यात. मग न्हाई कशापायी म्हणत्यात?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. एकही कागद खोटा नव्हता आणि पैसाही खरोखर होता. तरी अधिकाऱ्याने दिलेला नकार नियमाला धरूनच होता. आपल्याकडच्या शेतकरी घरातला पैसा जसा विखुरलेला असतो, तसा तो ब्रिटनच्या नियमांत मोजताच येत नाही. द्राक्षपट्ट्यातून आणि ऊसपट्ट्यातून ब्रिटनला जाणारी मुलं आता कमी नाहीत, म्हणून हे प्रकरण नीट मांडतो आहे. घराची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

आधी किती पैसे दाखवायचे होते ते पाहू. वर्षाची फी 19,000 पौंड. त्यातले 5,000 मे महिन्यात भरले होते आणि तशी नोंद कॅसवर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या प्रवेशपुष्टीवर, झालेली होती. उरले 14,000. राहण्याखाण्यासाठी लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याने त्या वेळच्या नियमानुसार महिना 1,136 पौंड, तेही 9 महिन्यांचे दाखवायचे, म्हणजे 10,224. एकूण 24,224 पौंड. पौंड तेव्हा 117 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण 28 लाख 34 हजार रुपये. (नोव्हेंबर 2025 पासून हा महिन्याचा आकडा वाढून 1,171 झाला आहे. आता अर्ज करणाऱ्याने जुन्या कागदावरून हिशेब करू नये.)

पहिल्या फाइलमध्ये एजंटने काय लावलं होतं? वडिलांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या बचत खात्याचं स्टेटमेंट, अखेरची शिल्लक साडेनऊ लाख. गावातल्या पतसंस्थेतल्या 12 लाखांच्या ठेवींच्या पावत्या आणि संस्थेच्या लेटरहेडवरचा दाखला. थोरल्या चुलत्यांच्या नावची 9 लाखांची मुदत ठेव, सोबत 500 रुपयांच्या स्टँपवर त्यांचं प्रतिज्ञापत्र, की पुतणीच्या शिक्षणाचा खर्च मी करीन. वर सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, त्यात बाग, विहीर, ट्रॅक्टर, घर, सोनं धरून एक कोटी 40 लाख. सातबारा आणि आठ-अचे उतारे, तेही इंग्रजी भाषांतरासह. बेरीज केली तर नुसती रोकड आणि ठेवीच साडेतीस लाख होतात. कोणालाही वाटेल, दोन लाख जास्तच आहेत.

आता हेच कागद ब्रिटनच्या नियमाने वाचू.

सीएचं सर्टिफिकेट आणि सातबारा तर बाजूलाच ठेवायचे. जमीन, सोनं, शेअर, भविष्य निर्वाह निधी, कारखान्याचे भाग, यातलं काहीच या हिशेबात धरलं जात नाही. मागताक्षणी काढता येतील असे, हाताशी असलेले पैसे तेवढे मोजतात. एजंटांनी हे कागद लावायची सवय दुसऱ्या देशांच्या फायलींवरून उचलली आहे. अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये समोरासमोर मुलाखत होते, तिथे घरची एकूण परिस्थिती सांगायला असे कागद कधी कामी येतात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मात्र बराचसा कागदावरच ठरतो, आणि त्या कागदावर कोणत्या गोष्टी चालतात याची यादी ठरलेली आहे. यादीबाहेरचे कागद जोडल्याने फाइल जाड होते, इतकंच.

मग चुलते. ब्रिटनच्या नियमात विद्यार्थ्याचे स्वतःचे, आई-वडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे पैसे चालतात. चुलते, मामा, आजोबा, थोरला भाऊ यांचे चालत नाहीत. एकत्र कुटुंब, एकच चूल, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, हे सगळं प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं. पण नियमाला चूल दिसत नाही, खातेदाराचं नाव दिसतं. 9 लाख गेले.

पतसंस्थेच्या पैशाचं तर फार कोणाच्या लक्षातच येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात पतसंस्था म्हणजे घरचीच बँक. चेअरमन ओळखीचे, पिग्मी एजंट रोज दारात येतो, ठेवीला व्याज बँकेपेक्षा थोडं जास्त. कर्जही तिथलंच. पण पतसंस्था ही बँक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली तिची नोंदणी होते आणि देखरेख सहकार खात्याच्या निबंधकाची असते. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो, आणि बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत जे विमा संरक्षण मिळतं तेही पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. ब्रिटनचा नियम म्हणतो की पैसा जिथे ठेवलाय ती वित्तसंस्था त्या देशातल्या योग्य नियामकाच्या अखत्यारीत हवी, तिच्या नोंदी संगणकावर हव्यात, आणि अधिकाऱ्याला तिथे पडताळणी करता यायला हवी. गावच्या पतसंस्थेच्या दाखल्यावर ऑफिसचा एक लँडलाइन नंबर होता, तोही दुपारी बंद असणारा. 12 लाख गेले.

इथे नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था यांची गल्लत करू नये. नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, त्यामुळे तिचं खातं पहिल्याच पायरीवर बाद होत नाही. तरी निवड हातात असेल तर पैसा मोठ्या बँकेत ठेवावा असं मी सांगतो, कारण पडताळणीचा ईमेल गेला तर त्याला वेळेवर उत्तर देणारं कोणीतरी तिथे असतं.

राहिलं वडिलांचं खातं. साडेनऊ लाख तरी मोजले असतील? तेही नाही. 20 जूनला त्या खात्यातून ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता आपोआप वळता झाला होता, एक लाख 35 हजारांचा. शिल्लक आठ लाख 15 हजारांवर आली. पाच दिवसांनी आडत दुकानाकडून बेदाण्याच्या पट्टीचा चेक जमा झाला आणि शिल्लक पुन्हा वर गेली. एजंटने अखेरची शिल्लक पाहिली, अधिकाऱ्याने मधली. नियम असा की अखेरच्या तारखेपासून मागे सलग 28 दिवस मोजायचे आणि त्यातल्या एकाही दिवशी रक्कम खाली जाता कामा नये. म्हणजे 28 दिवसांतली सगळ्यात कमी शिल्लक हीच तुमची शिल्लक. साडेतीस लाखांच्या घराचे व्हिसाच्या वहीत आठ लाख 15 हजार उरले, ते असे.

पत्रात हे सगळं सरकारी इंग्रजीत, तीन परिच्छेदांत लिहिलं होतं. एजंटने घरच्यांना त्याचा अर्थ "सध्या इंडियाच्या केस रिजेक्टच करतायत" असा सांगितला होता. नकाराचं पत्र शब्द न शब्द वाचल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये असं मला वाटतं, कारण पुढच्या अर्जात काय दुरुस्त करायचं हे त्याच पत्रात लिहिलेलं असतं. चीनसह काही देशांच्या विद्यार्थ्यांना पैशाचे कागद सुरुवातीला जोडावे लागत नाहीत, मागितले तरच द्यायचे. त्या यादीत भारत नाही. आपल्या मुलांना कागद जोडावेच लागतात आणि ते वाचलेही जातात.

यानंतर दोन रस्ते होते. एक म्हणजे 80 पौंड भरून 28 दिवसांच्या आत प्रशासकीय फेरतपासणी मागायची. एजंट याच्याच मागे होता. पण फेरतपासणीत फक्त अधिकाऱ्याने चूक केली का एवढंच पाहतात, नवे कागद सहसा घेत नाहीत. इथे अधिकाऱ्याची चूक नव्हतीच. म्हणजे 80 पौंड जाऊन वर तीच रक्कम, तोच निकाल, आणि मधले दिवस वाया. दुसरा रस्ता नव्या अर्जाचा. त्याला नवा कॅस लागतो, कारण एकदा नकार मिळालेला कॅस वापरला गेला असं धरतात.

विद्यापीठ नवा कॅस देईल का, हीच खरी धाकधूक होती. कारण ब्रिटनमधल्या विद्यापीठांनाही विद्यार्थी आणायचा परवाना टिकवायचा असतो. त्यांच्या कॅसवर झालेल्या अर्जांपैकी नकारांचं प्रमाण तेव्हा 10 टक्क्यांच्या आत राहावं लागत होतं, आणि ब्रिटिश सरकारच्या मे 2025च्या श्वेतपत्रिकेत तर ते 5 टक्क्यांवर आणायचं सुचवलेलं होतं. त्यामुळे एक नकार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याकडे विद्यापीठ सावधपणेच पाहतं. मुलीने स्वतः ईमेल लिहिला. नकाराचं पत्र जोडलं, कुठला पैसा का धरला गेला नाही ते चार ओळींत सांगितलं, आणि किती तारखेपर्यंत काय दुरुस्त होईल हेही लिहिलं. आजाऱ्याच्या रजेच्या अर्जासारखी विनवणी त्यात नव्हती, हे मला आवडलं. उत्तर आलं की 28 दिवसांचं स्टेटमेंट आधी आम्हाला दाखवा, मग नवा कॅस देऊ. वर्गात हजर होण्याची शेवटची तारीख 3 ऑक्टोबर.

आता कॅलेंडर मांडलं. जुलै संपत आला होता. अर्जानंतर साधा निकाल तीन आठवड्यांत लागतो. वेगळे 500 पौंड भरले तर पाच कामाच्या दिवसांत. 3 ऑक्टोबरपासून मागे मोजत आलं तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळा पैसा वडिलांच्या खात्यात उभा असायला हवा होता. एखादा आठवडा इकडेतिकडे झाला तर वर्ष गेलं.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचार पहिल्या दिवशीच केला. कर्जमंजुरीच्या पत्राला 28 दिवसांची अट लागत नाही, म्हणून तो रस्ता जवळचा दिसतो. पण साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि या घराकडे तारणाला होती ती शेतजमीन. सरफेसी कायदा 2002 शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही, कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली बँकेला ती ताब्यात घेता येत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बहुतेक बँका नकोच म्हणतात. घर गावठाणातलं, त्याचे कागद अर्धवट. विनातारण साडेसात लाख मिळाले असते, पण शाखेतून वरच्या ऑफिसला फाइल जाऊन पत्र हातात पडेपर्यंत ऑगस्ट सरला असता. सोडून दिलं. जमीन एवढी असूनही ती व्हिसाला चालली नाही आणि कर्जालाही चालली नाही, याचा वडिलांना सगळ्यात जास्त राग आला होता.

आणखी एक रस्ता एजंटनेच सुचवला होता. ओळखीचा एक माणूस महिनाभर खात्यात रक्कम उभी करून देतो, शेकडा व्याज घेतो, व्हिसा आला की परत. असे धंदे सगळीकडे चालतात आणि पालकांना त्यात काही गैर वाटत नाही. पण अर्जात तो पैसा शिक्षणासाठी उपलब्ध आहे असं सही करून सांगितलेलं असतं. फसवणूक ठरली तर नुसता नकार येत नाही, 10 वर्षांची बंदी बसू शकते. आणि या घराला त्याची गरजही नव्हती. पैसा घरचाच होता, त्याची जागा तेवढी बदलायची होती.

चुलत्यांनी मुदत ठेव मोडली आणि 9 लाख भावाच्या खात्यात वळते केले. सख्ख्या भावाने दिलेल्या देणगीवर आपल्याकडे प्राप्तिकर लागत नाही. तरी कोणी विचारलं तर असावं म्हणून साधं बक्षीसपत्र करून ठेवलं. चुलतींनी विचारलं, "हे परत मागायचं नाही ना, मग आमच्या पोराच्या वेळेला?" त्यावर दोघा भावांनी काय ठरवलं ते त्यांच्यात राहिलं, पण प्रश्न रास्त होता. उसने दिलेले पैसे बक्षीस म्हणून दाखवता येत नाहीत, हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं होतं.

पतसंस्थेने वेळ घेतला. 12 लाखांची मुदतपूर्व उचल म्हणजे छोट्या संस्थेला तरतूद करावी लागते, व्याजही कापलं गेलं. मॅनेजर रोज उद्या म्हणत होता. शेवटी शुक्रवारी, 8 ऑगस्टला चेक मिळाला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. पैसे जमा झाले सोमवारी, 11 तारखेला. घरच्यांचा आग्रह होता की चेकवरच्या तारखेपासून, 8 पासून दिवस धरावेत. नाही. खात्यात ज्या दिवशी पूर्ण रक्कम दिसते तो पहिला दिवस. 11 ऑगस्ट पहिला धरला की 28वा दिवस येतो 7 सप्टेंबर, तोही रविवार.

दरम्यान कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा वडिलांनी चढ्या दराची वाट न पाहता सौद्यात काढला. रक्कम काठोकाठ ठेवणं धोक्याचं आहे, कारण ब्रिटनचं गृहखातं रुपयाचे पौंड करताना ओआंडा या चलनदराच्या वेबसाइटवरचा अर्जाच्या दिवसाचा दर धरतं. तो निर्णय शहाणपणाचा ठरला. जुलैत 117 असलेला पौंड सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 119 वर गेला. तीच 24,224 पौंडांची गरज आता 28 लाख 83 हजारांची झाली, जवळजवळ अर्धा लाख जास्त. खात्यात पावणेतेहतीस लाख होते. आडत दुकानाच्या पट्ट्या, चुलत्यांची मोडलेली ठेव आणि पतसंस्थेचा चेक यांच्या झेरॉक्स एका पिशवीत तयार ठेवल्या, म्हणजे पैसा अचानक कुठून आला असं विचारलं तर उत्तर हाताशी.

त्या 28 दिवसांत खात्याला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. ठरवणं सोपं असतं. वडिलांच्या मोबाइलवरचं यूपीआय त्याच खात्याला जोडलेलं होतं आणि मधे 27 ऑगस्टला गणपती बसणार होते. औषधाचं दुकान, डिझेल, मंडळाची वर्गणी, सगळं स्कॅन करूनच. खातं यूपीआयमधून काढून आईचं जोडलं. ट्रॅक्टरचा पुढचा हप्ता डिसेंबरात होता, ती चिंता नव्हती. विम्याचा एक वार्षिक हप्ता मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपोआप जाणार होता. तो शाखेत जाऊन थांबवला आणि रोख भरला. पावणेतेहतीस लाखांतून तो गेला असता तरी काही बिघडलं नसतं, पण आता वडील स्वतःच पासबुक राखत बसले होते.

जन्मदाखल्याची एक अडचण आयत्या वेळी निघाली. वडिलांचे पैसे वापरायचे तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला आणि वडिलांचं संमतिपत्र लागतं. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तिसऱ्या. पहिल्या अर्जात याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, नकारातही त्याचा उल्लेख नव्हता. तरी दाखला दुरुस्त करून घेतला आणि मराठी मजकुराचं प्रमाणित भाषांतर जोडलं. क्षयरोग तपासणीचा दाखला सहा महिने चालतो, तो जुनाच वापरला.

सोमवारी, 8 सप्टेंबरला बँक उघडताच सही-शिक्क्याचं स्टेटमेंट घेतलं, विद्यापीठाला पाठवलं. नवा कॅस दुसऱ्या दिवशी आला, त्याच रात्री अर्ज. व्हिसा फी 524 पौंड, लवकर निकालाचे 500, आणि आरोग्य अधिभार. हा अधिभार वर्षाला 776 पौंड. कोर्स एक वर्षाचा असला तरी व्हिसा पुढचे चार महिने धरून मिळतो आणि अधिभार अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने मोजतात, म्हणून दीड वर्षाचा, 1,164 पौंड. पहिल्या अर्जाचा अधिभार परत मिळणार होता (नकार आला की तो परत करतात, व्हिसा फी मात्र बुडते), पण तो अजून जमा झाला नव्हता. एकाच घराने दोन महिन्यांत दोनदा तो भरला. वडिलांच्या खात्याला धक्का नको म्हणून दुसऱ्या वेळी पुण्यात नोकरी करणाऱ्या चुलत भावाचं क्रेडिट कार्ड वापरलं.

अर्जात पूर्वी नकार मिळाला आहे का, असा प्रश्न असतो. तिथे हो लिहिलं, तारीख दिली, कारण दिलं. एजंटचा सल्ला "नका दाखवू" असा होता. ज्यांनी नकार दिला त्यांच्याच संगणकावर तो आहे, हे त्याला कोण सांगणार!

पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे झाले आणि पासपोर्ट लगेच परत मिळाला. वडील घाबरले, त्यांना वाटलं पुन्हा काही राहिलं. जुलै 2025च्या मध्यापासून विद्यार्थ्यांना पासपोर्टात व्हिसाचं स्टिकर मिळत नाही, ऑनलाइन खात्यातच ई-व्हिसा दिसतो. चौथ्या कामाच्या दिवशी ईमेल आला, मंजूर. महिनाअखेरीस मुलगी शेफिल्डला पोचली आणि मुदतीच्या आत तिने नाव नोंदवलं.

एक शेपूट अजून बाकी आहे. फीचा हप्ता ऑक्टोबरात बँकेतून पाठवला तेव्हा मे महिन्यातल्या रकमेसह वडिलांच्या पॅनवर वर्षाचे 10 लाख ओलांडले गेले, आणि त्यावरच्या रकमेवर बँकेने 5 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर, कापला. शैक्षणिक कर्जातून फी गेली असती तर तो लागला नसता. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे वडिलांनी आजवर कधी विवरणपत्र भरलेलं नाही. आता कापलेली रक्कम परत हवी तर भरावं लागेल. त्यासाठी त्यांनी गाठला आहे तोच सीए, ज्याने एक कोटी 40 लाखांचं सर्टिफिकेट दिलं होतं.